काळ्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसकडून प्रतिजैविक काढून घेताना

मातीतून स्ट्रेप्टोमायसिस (प्रतिजैविके बनवणारे तंतुमय जिवाणू) वेगळे करायचे, सगळे एकाच माध्यमावर वाढवायचे, चार जंतूंविरुद्ध तपासायचे आणि ज्यांचा झोन (भोवती जंतू न वाढलेले वर्तुळ) दिसत नाही ते फेकून द्यायचे, अशी एम.एस्सी.च्या बऱ्याच प्रकल्पांची ठरलेली वाट आहे. या वाटेने चांगले जिवाणू कचऱ्यात जातात. झोन दिसला नाही म्हणजे त्या जिवाणूकडे जनुके नाहीत असे होत नाही. त्या माध्यमावर, त्या दिवशी ती जनुके बंद होती, एवढेच त्यातून कळते.

स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या प्रजातीचा जीनोम २००२ मध्ये पूर्ण वाचला गेला. सुमारे ८७ लाख बेस-जोड्यांच्या त्या सरळ, म्हणजे वर्तुळाकार नसलेल्या गुणसूत्रावर ७,८२५ जनुके निघाली आणि दुय्यम संयुगे (प्रतिजैविकांसारखी, वाढीला थेट न लागणारी) बनवणारे वीसहून अधिक जनुकसमूह सापडले. त्याआधी त्याची मोजकीच संयुगे माहीत होती. नियमनाशी संबंधित प्रथिने ९६५ निघाली, म्हणजे साधारण १२ टक्के जनुके केवळ 'केव्हा चालू, केव्हा बंद' हे ठरवण्यात गुंतलेली. खाली दिलेली पद्धत हे लक्षात घेऊनच मांडली आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयात ऑटोक्लेव्ह, शेकर आणि बीओडी इन्क्युबेटर असेल तर जनुकपातळीचे काम सोडून बाकी सगळे तिथेच होते.

माती कुठली, केव्हाची

स्ट्रेप्टोमायसिसला उदासीन ते किंचित अल्कधर्मी, हवा खेळती असलेली, कोरडी होत जाणारी माती मानवते. तापीकाठची काळी जमीन, सामू ७.५ ते ८.५, त्यात चुनखडीचे खडे, ही त्याला अनुकूल. दादर काढल्यानंतरचे शेत, पऱ्हाटी उपटलेले रान, रावेर-यावलकडच्या केळीबागेतल्या दोन ओळींमधली जागा, तोरणमाळच्या जंगलातला पालापाचोळ्याखालचा थर, असे वेगवेगळे नमुने घ्या. एकाच शेतातले दहा नमुने घेण्यापेक्षा दहा प्रकारच्या जमिनींतला एकेक घेतलेला बरा, कारण एका शेतात तेच तेच जिवाणू पुन्हा पुन्हा हाती लागतात. चोपण जमीनही वगळू नका. तिथे संख्या कमी मिळते, पण क्षार सहन करणारे वेगळे प्रकार मिळू शकतात.

फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सोयीचा. वरचा २-३ सें.मी. थर बाजूला सारून ५ ते १५ सें.मी. खोलीची माती पाच ठिकाणांहून घ्या आणि एकत्र करून २०० ग्रॅम ठेवा. नुकतेच पाणी दिलेले किंवा बुरशीनाशकाची आळवणी झालेले ठिकाण टाळा. पिशवीवर गाव, पीक, खोली, तारीख आणि मातीचा सामू लिहा. पुढे हाच सामू माध्यमाला द्यायचा की ७.२ ठेवायचा, हा निर्णय घ्यावा लागतो.

माती सावलीत पाच-सात दिवस वाळवा. मे महिन्यात गच्चीवर उन्हात पसरली तर दोन दिवसांत वाळेल, पण अतिनील किरणांनी वरच्या थरातले बीजाणू मरतात. मग २ मि.मी. चाळणीने चाळा.

इतर जिवाणू मागे सारण्यासाठी दोन सोप्या पूर्वप्रक्रिया आहेत. एक, वाळलेली माती १०० अंश सेल्सिअसवर हॉट एअर ओव्हनमध्ये १ तास ठेवायची. स्ट्रेप्टोमायसिसचे बीजाणू कोरडी उष्णता बऱ्यापैकी सोसतात आणि ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू मरतात. बॅसिलस मात्र यात टिकतो, उलट त्याला मोकळे रान मिळते. दोन, १० ग्रॅम मातीत १ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट मिसळून, ओलसर हवेच्या बंद भांड्यात २८ अंशांवर ७ ते ९ दिवस ठेवायची. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत दुसऱ्या पद्धतीचा फायदा कमी, सातपुड्यातल्या जंगलमातीत जास्त. एकच करायची असेल तर पहिली करा.

प्लेटवर आणणे

काळ्या मातीतली चिकणमाती जिवाणूंना धरून ठेवते. नुसत्या सलाइनमध्ये हलवून मोजणी केली तर आकडा कमी येतो. म्हणून १० ग्रॅम माती ९० मि.लि. निर्जंतुक ०.१ टक्के सोडियम पायरोफॉस्फेटमध्ये, काचेचे मणी घालून, मिनिटाला १५० फेऱ्यांवर ३० मिनिटे हलवा. पुढची विरलने ०.८५ टक्के सलाइनमध्ये करा आणि हजारपट व दहाहजारपट विरलनातले ०.१ मि.लि. प्लेटवर पसरा.

माध्यम म्हणून स्टार्च केसीन अगर चालते. एका लिटरला विरघळणारा स्टार्च १० ग्रॅम, केसीन ०.३, पोटॅशियम नायट्रेट २, मीठ २, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट २, मॅग्नेशियम सल्फेट ०.०५, कॅल्शियम कार्बोनेट ०.०२, फेरस सल्फेट ०.०१, अगर १८ ग्रॅम, सामू ७.० ते ७.२. केसीन साध्या पाण्यात विरघळत नाही. थोड्या पातळ सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये आधी विरघळवून मग घाला, नाहीतर तळाला गुठळ्या राहतात.

ऑटोक्लेव्हनंतर अगर ४५ ते ५० अंशांवर आला की बुरशीसाठी सायक्लोहेक्झिमाइड ५० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. आणि ग्रॅम-निगेटिव्हसाठी नॅलिडिक्सिक आम्ल २० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. घाला. सायक्लोहेक्झिमाइड माणसालाही विषारी आहे, त्यामुळे हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नका.

प्लेट २८ ते ३० अंशांवर ७ ते १४ दिवस ठेवायच्या. उन्हाळ्यात खान्देशातल्या खोलीचे तापमान ४० च्या पुढे जाते. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही, त्यामुळे थंड करणारा बीओडीच लागतो. चौदा दिवसांत प्लेट सुकू नये म्हणून प्रत्येकीत २५ मि.लि. अगर ओता आणि खालच्या फळीवर पाण्याचा ट्रे ठेवा. तिसऱ्या दिवशी जे वाढलेले दिसते ते बहुधा बॅसिलस असते. घाई करून तेच उचलू नका.

स्ट्रेप्टोमायसिसची वसाहत कोरडी, खडूच्या भुकटीसारखी पांढरी, करडी किंवा गुलाबीसर दिसते. ती अगरमध्ये रुतलेली असते. लूपने खरवडली तर घसरते, निर्जंतुक टूथपिकने उकरावी लागते. झाकण उघडताच ओल्या मातीचा वास आला, तर तो जिओस्मिनचा. पलटून मागची बाजू पाहा आणि अगरमध्ये उतरलेला पिवळा, लाल, निळा रंग टिपून ठेवा.

शुद्ध करण्यासाठी तीन वेळा रेषा ओढा. मग सोया-मॅनिटॉल अगरवर (सोया पीठ २० ग्रॅम, मॅनिटॉल २०, अगर २०, एक लिटर पाणी, दोनदा ऑटोक्लेव्ह) ७ ते १० दिवस वाढवून बीजाणू घ्या. ०.१ टक्के ट्वीन-८० प्लेटवर ओतून हलकेच घासा, निर्जंतुक कापसातून गाळा, २० टक्के ग्लिसरॉलमध्ये घालून उणे २० अंशांवर ठेवा. हा साठा पहिल्याच आठवड्यात करा आणि पुढचा प्रत्येक प्रयोग त्यातूनच सुरू करा. स्लँटवरून स्लँटवर नेत राहिले की स्ट्रेप्टोमायसिस 'उतरतो': त्याच्या सरळ गुणसूत्राची टोके मोठ्या तुकड्यांनी गळतात आणि काही पिढ्यांनंतर टकल्या (बीजाणू न येणाऱ्या), रंगहीन वसाहती दिसू लागतात. त्या वसाहतींसोबत उत्पादनही अनेकदा गेलेले असते.

जनुके बंद का असतात

प्रतिजैविक बनवायला लागणारी जनुके गुणसूत्रावर शेजारीशेजारी, एका समूहात असतात आणि बहुतेकदा त्याच समूहात त्यांचा स्वतःचा नियामक, म्हणजे त्यांना चालू-बंद करणारे प्रथिन, असतो. सीलिकलरमधले निळे अ‍ॅक्टिनोऱ्होडिन घ्या. त्याच्या समूहात अ‍ॅक्ट-टू-ओआरएफ-फोर नावाचा नियामक आहे. तो पुरेसा जमला की पुढची सगळी एन्झाइमे बनू लागतात. म्हणजे खरा प्रश्न एवढाच उरतो, की हा एक नियामक केव्हा बनतो?

त्याच्यावर अनेक बाजूंनी लगाम आहे, आणि त्यातले बरेचसे लगाम माध्यमाच्या घटकांनी ओढले किंवा सैल केले जातात.

फॉस्फेट. पेशीच्या आवरणातला फो-आर फॉस्फेटची टंचाई हेरतो आणि फो-पी या नियामकामार्फत शेकडो जनुकांची घडी बदलतो. फॉस्फेट मुबलक असेल तर वाढ जोरात आणि अनेक प्रतिजैविके बंद. आता वरचे स्टार्च केसीन अगर पुन्हा पाहा. २ ग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट म्हणजे सुमारे ११.५ मिलिमोलर. सीलिकलरला रंग आणण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आर-टू-वाय-ई या माध्यमात ते जेमतेम ०.३७ मिलिमोलर घातलेले असते. जिवाणू वेगळे करायला उत्तम असलेले माध्यम उत्पादन तपासायला अनेकदा वाईट ठरते, त्याचे एक मोठे कारण हे.

ग्लुकोज. पटकन वापरता येणारी साखर असेपर्यंत इतर मार्ग दाबलेले राहतात. स्ट्रेप्टोमायसिसमध्ये या दडपणात ग्लुकोज कायनेज या एन्झाइमचाच मोठा वाटा आहे. अमोनियाचा भरपूर पुरवठाही अनेक जातींत असाच अडसर ठरतो.

अमिनो आम्लांची उपासमार. ती सुरू झाली की रेल-ए हे एन्झाइम पीपीजीपीपी नावाचा छोटा रेणू बनवते, वाढ थांबते आणि उत्पादनाकडे वळण लागते.

एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामाइन. कायटिनचा आणि जिवाणूच्या स्वतःच्या पेशीभित्तीचा हा घटक. गरीब माध्यमावर तो मिळाला की त्यापासून पेशीत बनणारा ग्लुकोसामाइन-६-फॉस्फेट डास-आर या दडपणाऱ्या नियामकाला डीएनएवरून सोडवतो आणि अ‍ॅक्टिनोऱ्होडिनचा नियामक मोकळा होतो. समृद्ध माध्यमावर तोच पदार्थ उलट परिणाम करतो, उत्पादन आणि बीजाणू दोन्ही रोखतो. एकाच पदार्थाचे दोन विरुद्ध परिणाम दिसले की विद्यार्थी प्रयोग चुकला असे धरतात; तो चुकलेला नसतो.

ल्युसीन या अमिनो आम्लाचा दुर्मीळ कोडॉन (डीएनएतली तीन अक्षरांची खूण). या जिवाणूच्या डीएनएत जी आणि सी मिळून सुमारे ७२ टक्के, त्यामुळे टीटीए हा कोडॉन क्वचितच येतो. तो वाचणारा टी-आरएनए बीएलडी-ए हे जनुक देते. अ‍ॅक्ट-टू-ओआरएफ-फोरमध्ये टीटीए आहे. म्हणून बीएलडी-ए बिघडलेला जिवाणू वाढतो, पण त्याला बीजाणूही येत नाहीत आणि निळा रंगही. साठ्यात टकली वसाहत दिसली तर ती का टाळायची, हे यावरून कळेल.

शेवटी जिवाणूंचे आपसातले संकेत. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस ए-फॅक्टर नावाचा गॅमा-ब्युटिरोलॅक्टोन बाहेर सोडतो. १९६० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ खोखलोव्ह यांच्या गटाने तो शोधला. नॅनोमोलर प्रमाणात साचला की तो आर्प-ए या दडपणाऱ्या प्रथिनाला चिकटतो, आर्प-ए बाजूला होतो, एडीपी-ए बनतो, तो एसटीआर-आरला चालू करतो आणि एसटीआर-आर स्ट्रेप्टोमायसिनची जनुके उघडतो. विरळ पेरलेल्या फ्लास्कमध्ये उत्पादन उशिरा का सुरू होते, याचे एक कारण इथे आहे.

आठ प्लेटांची चाचणी

प्रत्येक शुद्ध जिवाणू एकाऐवजी आठ माध्यमांवर तपासा. पाया म्हणून साधे किमान माध्यम घ्या: एका लिटरला अ‍ॅस्पॅराजिन ०.५ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.५, मॅग्नेशियम सल्फेट ०.२, फेरस सल्फेट ०.०१, मॅनिटॉल ५, एमओपीएस बफर १०.५ ग्रॅम, म्हणजे ५० मिलिमोलर, आणि अगर १५, सामू ७.२.

१. पाया जसाच्या तसा, फॉस्फेट सुमारे २.९ मिलिमोलर.
२. फॉस्फेट ०.०९ ग्रॅम, म्हणजे ०.५ मिलिमोलर.
३. फॉस्फेट २.६ ग्रॅम, म्हणजे १५ मिलिमोलर.
४. मॅनिटॉलऐवजी ग्लुकोज १० ग्रॅम.
५. पाया आणि अमोनियम सल्फेट ६.६ ग्रॅम.
६. पाया आणि एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामाइन ५.५ ग्रॅम, म्हणजे २५ मिलिमोलर.
७. सोया-मॅनिटॉल अगर.
८. सोया-मॅनिटॉल अगर आणि तेच एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामाइन.

ग्लुकोज, फॉस्फेट आणि एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामाइन वेगवेगळे निर्जंतुक करून शेवटी मिसळा. पहिली दोन ऑटोक्लेव्हमध्ये वेगळी, तिसरे ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून. ग्लुकोज अमिनो आम्लांसोबत शिजला की तपकिरी होतो. फॉस्फेट मॅग्नेशियम-कॅल्शियमसोबत तापला की साका बनून बसतो, मग १५ मिलिमोलर फक्त कागदावरच राहते. याच कारणासाठी बोअरचे पाणी वापरू नका. आपल्याकडच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमने फॉस्फेटची मात्रा गावागणिक बदलते. ऊर्ध्वपातित पाणीच घ्या.

प्रत्येक प्लेटवर बीजाणूंची संख्या सारखी हवी. प्रति मि.लि. १ कोटी बीजाणूंच्या निलंबनाचे १० मायक्रोलिटर, म्हणजे १ लाख बीजाणू, एका जागी ठेवा. बुडलेल्या अगरसकट ६ मि.मी. चकत्या तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी काढा. ज्या प्लेटवर चाचणी-जंतू पसरला आहे तिच्यावर चकती ठेवून आधी ४ अंशांवर ३ तास ठेवा, म्हणजे जंतू वाढण्याआधी संयुग पसरते. मग जंतूला हव्या त्या तापमानावर हलवा.

प्रत्येक माध्यमाची जिवाणू नसलेली चकती शेजारी हवीच. अमोनियमच्या प्लेटवर माध्यम आंबट होते आणि नुसत्या आम्लानेही खोटा झोन पडतो. चकतीवर ब्रोमोथायमॉल ब्लूचा थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते पाहा. वाढच कमी झाली म्हणून झोन नाही, की वाढ भरपूर असून झोन नाही, हेही वेगळे लिहा. दुसरी स्थिती नियमनाबद्दल बोलते. पहिली फक्त उपासमारीबद्दल.

चाचणी-जंतू म्हणून बॅसिलस सब्टिलिस आणि मायक्रोकॉकस ल्युटियस महाविद्यालयात सुरक्षित आहेत. शेतीच्या बाजूने केळीवरचा कोलेटोट्रायकम म्युसे आणि कपाशीच्या मर रोगाचा फ्युझेरियम घ्या. बुरशी झपाट्याने पसरते, म्हणून स्ट्रेप्टोमायसिस तीन-चार दिवस आधी पेरा. रोध टक्केवारीत काढायचा: नियंत्रण प्लेटवरील त्रिज्येतून समोरासमोरची त्रिज्या वजा करून नियंत्रणाने भागा, शंभराने गुणा.

केळीच्या मर रोगाबाबत एक गोष्ट कडकपणे पाळावी. आपली ग्रँड नैन या रोगाच्या रेस १ ला दाद देत नाही, पण टीआर-४ हा प्रकार ग्रँड नैनलाही मारतो. कोणी कितीही उत्साहाने देऊ केला तरी टीआर-४ चे जिवंत संवर्धन जळगाव जिल्ह्यातल्या साध्या प्रयोगशाळेत आणू नये. एका निसटलेल्या प्लेटची किंमत शेतकऱ्याच्या अख्ख्या बागेने मोजावी लागेल.

आठही प्लेटांवर गप्प राहिलेल्यांसाठी अजून दोन प्रयत्न करून बघा. एक, त्याच जिवाणूच्या दहा दिवसांच्या द्रव संवर्धनाचा ०.२२ मायक्रॉनमधून गाळलेला अर्क नव्या माध्यमात १० टक्के मिसळा; साचलेले संकेतरेणू काम करतात का ते कळते. दोन, त्याच्याजवळ मायकोलिक आम्ल असलेला जिवाणू, उदाहरणार्थ ऱ्होडोकॉकस, जिवंत वाढवा. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये त्सुकामुरेला या अशाच जिवाणूच्या सहवासात अनेक स्ट्रेप्टोमायसिसमध्ये नवे रंग आणि संयुगे दिसल्याचे दाखवले. त्यात जिवंत पेशींचा स्पर्श लागतो, मेलेल्या पेशी घालून भागत नाही.

फ्लास्कमध्ये

ज्या प्लेटवर झोन मोठा, तिच्याजवळचे द्रव माध्यम निवडा. २५० मि.लि. फ्लास्कमध्ये ५० मि.लि.पेक्षा जास्त भरू नका आणि तळाशी स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग टाका. ती नसेल तर मायसेलियमचे, म्हणजे जिवाणूच्या तंतूंच्या जाळ्याचे, मोठे गोळे होतात, त्यांच्या पोटात ऑक्सिजन पोहोचत नाही. ४८ तासांचे बीजसंवर्धन ५ ते १० टक्के घालून २८ अंशांवर १८० ते २०० फेऱ्यांवर सात-दहा दिवस चालवा. शेकर रात्री वीज जाऊन बंद पडला असेल तर ती वेळ वहीत लिहा. हवेविना गेलेले काही तासही उत्पादन उतरवू शकतात, आणि नोंद नसेल तर दोष माध्यमावर येतो.

आपल्या भागात सरकीची पेंड हा उत्तम आणि स्वस्त घटक आहे. प्रतिजैविकांच्या कारखान्यांत सरकीचे बारीक पीठ जुन्या काळापासून वापरले जाते. कारण नियमनाचेच: त्यातले नायट्रोजन प्रथिनांत आणि फॉस्फरस बराचसा फायटेटमध्ये अडकलेला असतो. दोन्ही हळूहळू सुटतात, त्यामुळे जिवाणू वाढतो पण तुडुंब होत नाही. तेल जास्त असेल तर आधी हेक्झेनने काढा, बारीक चाळा आणि १५ ते २० ग्रॅम प्रति लिटर घ्या. मक्याच्या स्टार्च कारखान्यातला कॉर्न स्टीप लिकर घालणार असाल तर त्यात फॉस्फेट बरेच असते हे विसरू नका. लिटरला २-३ ग्रॅमच्या वर गेलात तर वाढ सुंदर दिसेल आणि झोन आक्रसेल.

रोज ३ मि.लि. काढून सामू, वाळलेल्या मायसेलियमचे वजन, उरलेला ग्लुकोज, मॉलिब्डेनम-ब्लूने फॉस्फेट आणि झोनचा व्यास मोजा. ग्लुकोजसाठी लघवी तपासायच्या पट्ट्यासुद्धा 'संपला की नाही' एवढे सांगायला पुरतात. पाचही रेषा एकाच आलेखावर काढा. फॉस्फेट किंवा साखर संपते त्याच्या आसपास झोन उगवताना दिसला, तर कोणता लगाम सुटला याचा पहिला पुरावा मिळाला.

अर्क

गाळलेल्या द्रवात समान आकारमानाचे एथिल अ‍ॅसिटेट घालून दोनदा हलवा. मायसेलियम वेगळे, मिथेनॉलमध्ये भिजवा. द्रावक ४० अंशांखाली उडवा. अर्क थोड्या मिथेनॉलमध्ये घेऊन चकतीवर टाका, चकती पूर्ण वाळू द्या आणि नुसत्या मिथेनॉलची चकती शेजारी ठेवा. गाळलेल्या द्रवात जोर आहे पण एथिल अ‍ॅसिटेटमध्ये काहीच आले नाही, तर संयुग पाण्यात विरघळणारे असू शकते. स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातली अमिनोग्लायकोसाइड अशीच. त्यांना आयन-विनिमय रेझिन लागते. मायसेलियमच्या अर्कातच सगळा जोर आणि तो फक्त बुरशीवर, असे असेल तर पॉलीईन या बुरशीनाशक गटाचा संशय घ्या आणि अतिनील-दृश्य वर्णपट काढा. त्यांची तीन शिखरे एका ओळीत येतात. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये सापडलेले हमायसिन याच गटातले. महाराष्ट्राच्या मातीने हे एकदा दिलेले आहे.

जनुकपातळीवर तपासायचे असेल तर

१६-एस जनुक ओळखीसाठी, ते २७-एफ आणि १४९२-आर प्रायमरने. जी-सी इतके जास्त की नेहमीच्या पीसीआर मिश्रणात बऱ्याचदा पट्टीच येत नाही. ५ टक्के डीएमएसओ घाला. गप्प जिवाणूत पॉलिकेटाइड किंवा पेप्टाइड बनवणारी जनुके आहेत का, हे के-वन-एफ आणि एम-सिक्स-आर (साधारण १,२०० ते १,४०० बेस) तसेच ए-थ्री-एफ आणि ए-सेव्हन-आर (७०० ते ८००) या जोड्यांनी पाहता येते. पट्टी आली आणि झोन नाही, तो जिवाणू सांभाळून ठेवा. पूर्ण जीनोम वाचून घेणे परवडत असेल तर तो अँटिस्मॅश या मोफत साधनात टाका. समूह, त्यातले नियामक आणि त्यातले टीटीए कोडॉन एका पानावर दिसतील.

प्रतिलेखन (जनुकावरून आरएनए बनणे) मोजताना आरएनए झोन सर्वांत मोठा असतो त्या दिवशी काढू नका, तोवर नियामकाची वेळ बहुधा टळून गेलेली असते. झोन दिसू लागण्याच्या २४ तास आधीपासून दर ६ ते १२ तासांनी नमुने घ्या. तुलनेसाठी एचआरडी-बी हे जनुक वापरतात. जिवाणूंच्या जनुकांत सहसा इंट्रॉन (मधले गाळले जाणारे तुकडे) नसल्याने उरलेला डीएनए आणि सीडीएनए (आरएनएपासून बनवलेला डीएनए) वेगळे ओळखता येत नाहीत. डीएनेज द्या आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली नळी प्रत्येक नमुन्यामागे ठेवा.

नियामकाची जादा प्रत घालून जिवाणू बदलायचा असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी घ्या. तशी सोय नसेल तर जनुक बाहेरून न घालता करता येण्याजोगा मार्ग आहे: सुमारे १० कोटी बीजाणू त्यांना रोखणाऱ्या किमान मात्रेच्या ५ ते १० पट स्ट्रेप्टोमायसिन असलेल्या अगरवर पसरा आणि ७ ते १० दिवसांनी उगवलेल्या एकट्यादुकट्या वसाहती उचला. त्यांतल्या काहींत रायबोसोमच्या एस-१२ प्रथिनाचे जनुक बदललेले असते, आणि अशा काही बदलांनी सीलिकलरमध्ये अ‍ॅक्टिनोऱ्होडिन अनेक पटींनी वाढते. सगळ्या वसाहतींत तसे होत नाही, म्हणून किमान वीस-तीस तपासा. रिफाम्पिसिन वापरूनही असेच करतात. तिथे बदल आरएनए पॉलिमरेजमध्ये होतो.

हे प्रतिरोधी जिवाणू कुठल्याही शेतात, गांडूळखतात किंवा कुंडीत जाता कामा नयेत, मग ते प्लेटवर फ्युझेरियमला कितीही रोखत असोत. सगळ्या प्लेट, चकत्या, वापरलेली माती १२१ अंशांवर ३० मिनिटे ऑटोक्लेव्ह करूनच टाका. घट्ट बांधलेल्या पिशवीच्या आत वाफ शिरत नाही, तोंड सैल ठेवा आणि तापमानदर्शक पट्टी पिशवीच्या मध्यभागी घाला. चांगला निघालेला मूळ जिवाणू पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएमसारख्या संग्रहात ठेवायला द्या, आणि तो परदेशात पाठवायचा झाल्यास २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी नमुना हलवण्याआधी मिळवा.